आधी पडद्यावर घर, मग जमिनीवर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित गोषवारा)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा मनःपूर्वक ऋणी आहे. 'बांधकामात डिजिटल तंत्रज्ञान' हा विषय आणि वक्ता कापड व्यापारी, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. ते साहजिकच आहे. मी अभियंता नाही, वास्तुविशारदही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली चाळीस वर्षे कापड मोजून विकीत आलो आहे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला, त्यास कारण आहे. आपल्या पेठेतील बहुतेक इमारती आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. पुनर्विकासाचे प्रस्ताव घरोघरी येत आहेत. येत्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकजण आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चावर सही करणार आहेत. अशी एक सही मी पूर्वी केली आहे आणि तिची किंमत मोजली आहे. ती हकिगत प्रथम सांगतो.

१९९४ साली आम्ही दोघा बंधूंनी जुन्या दुकानाच्या जागेवर तळमजला अधिक दोन मजले अशी इमारत बांधली. खाली दुकान, वर दोघांची बिऱ्हाडे. वास्तुविशारदांनी खोल्यांचा नकाशा दिला. आर.सी.सी. सल्लागारांनी सळयांचा नकाशा दिला. पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांचाही स्वतंत्र नकाशा करून घ्यावा, त्यास बावीस हजार रुपये अधिक लागतील, असे वास्तुविशारदांनी सुचविले. मी व्यापारी मनुष्य. नळ प्लंबर बसवितोच, त्याला नकाशा कशाला, असे म्हणून मी ते बावीस हजार वाचविले. त्या दिवशी घरी जाऊन ही बचत मी वडिलांना अभिमानाने सांगितली होती, हेही प्रांजळपणे कबूल करतो.

पुढे पहिल्या मजल्यावरील शौचालयाचा चार इंची नळ बाहेर काढण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या वाटेत तुळई, म्हणजे आपण जिला बीम म्हणतो ती, आडवी आली. एका नकाशात खोली होती, दुसऱ्यात तुळई होती; नळ कोठेच नव्हता. कंत्राटदार त्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेला. प्लंबरने छिन्नी-हातोडा घेतला, तुळईला भोक पाडले, आड येणाऱ्या दोन रिंगा कापल्या, नळ घातला आणि वरून सिमेंट लिंपले. संध्याकाळी मी फेरी मारली तेव्हा सर्व काही गुळगुळीत दिसत होते.

२०११ च्या पावसाळ्यात दुकानातील साड्यांच्या कपाटावर पाणी ठिबकू लागले. छताचे प्लास्टर काढून पाहिले तर सळया गंजून फुगलेल्या आणि तुळईला बोट जाईल एवढी भेग. तपासणीस आलेल्या अभियंत्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेठ, नळ कुठून कसे गेलेत, त्याचा नकाशा आहे का?" नकाशा नव्हताच. मग शोधण्यासाठी दोन्ही मजल्यांच्या न्हाणीघरांच्या फरश्या उखडाव्या लागल्या. तुळईखाली लोखंडी टेकू लागले. दोन्ही कुटुंबे नऊ महिने भाड्याच्या घरात राहिली. खर्च चार लाख ऐंशी हजार झाला. त्याच नऊ महिन्यांत आमच्या मातोश्री गेल्या. बांधकामाच्या वेळी ज्या भिंतींवर त्यांनी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारले होते, त्या घरात त्यांना अखेरचे दिवस काढता आले नाहीत. चार लाख ऐंशी हजारांची नोंद मी वहीत केली. दुसऱ्या गोष्टीची नोंद कोठे करावी, हे मला अद्याप समजलेले नाही.

पुष्कळ दिवस मी त्या प्लंबरला दोष देत होतो. पुढे विचार करता लक्षात आले की, त्याने पाहिलेल्या कागदावर तुळई नव्हतीच. खोलीचा कागद एकाकडे, सळयांचा दुसऱ्याकडे, विजेच्या तारांचा हिशेब वायरमनच्या डोक्यात आणि नळांचा प्लंबरच्या डोक्यात. हे सगळे एका जागी एकत्र आले ते थेट बांधकामावर, काँक्रीट घट्ट झाल्यानंतर. चूक तेथे उघडकीस आली की छिन्नीवाचून उपाय राहत नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने गावाबाहेर गोदाम व त्यावर घर बांधावयास घेतले. एके रात्री त्याने मला आपल्या लॅपटॉपवर ते घर दाखविले. जमिनीवर पायाचा खड्डाही खणलेला नव्हता. पडद्यावर मात्र संपूर्ण इमारत उभी होती. भिंती बाजूला सारल्या की आतील तुळया, खांब, नळ, तारा सारे निरनिराळ्या रंगांत दिसत होते. एका ठिकाणी लाल ठिपका होता. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "काका, हा नळ इथे बीममधून जातोय. काँप्युटरनेच दाखवलं. नळ सहा इंच खाली घेतला, की मिटलं." मी काही वेळ काहीच बोललो नाही. तो नळही शौचालयाचाच होता. त्याला ते ठाऊक नव्हते. आमची भेग उघडली तेव्हा तो शाळेत होता.

बंधू-भगिनींनो, या पद्धतीला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' किंवा थोडक्यात 'बी.आय.एम.' असे म्हणतात. नाव मोठे आहे, परंतु आपण व्यापारी लोक ती कल्पना लवकर समजू शकतो. पूर्वी आपण किर्द लिहीत असू, तीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि अखेरीस ताळेबंद. एकच रक्कम चार ठिकाणी हाताने उतरवावी लागे, आणि एका ठिकाणी चुकली की दिवाळीच्या तोंडावर रात्र-रात्र जागून फरक शोधावा लागे. पुढे दुकानात संगणक आला. नोंद एकदा केली की ती सर्व खात्यांत आपोआप जाऊ लागली. बांधकामातही नेमके हेच घडले आहे. जुन्या पद्धतीत खिडकी एक फूट सरकवली तर तळनकाशा, दर्शनी नकाशा, छेद-नकाशा आणि विटांचा हिशेब असे चारही कागद वेगवेगळे दुरुस्त करावे लागत. आता प्रतिकृतीत खिडकी एकदा सरकवली की चारही कागद एकाच वेळी बदलतात.

लांबी, रुंदी, उंची या तीन मिती आपण शाळेत शिकलो. या प्रतिकृतीत चौथी मिती काळाची असते. कोणती तुळई कोणत्या आठवड्यात भरावयाची, हे त्या तुळईलाच जोडलेले असते. पाचवी मिती पैशाची. त्या तुळईस सिमेंट किती, पोलाद किती, मजुरी किती, हे तिच्याच खात्यावर असते. म्हणजे इमारतीचा प्रत्येक भाग हे एक खाते आणि संपूर्ण इमारत ही एक खतावणी. माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराला यापेक्षा सुबोध बांधकामशास्त्र कोण शिकविणार?

आधी बांधणे आणि मग विचार करणे याचे मोल मोठमोठ्यांनीही दिले आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे ऑपेरा हाउस आपण चित्रात पाहिले असेल. डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उत्झोन यांच्या आराखड्याची निवड १९५७ साली झाली आणि १९५९ मध्ये काम सुरू झाले. त्या वेळी त्या शिडांसारख्या छपराची रचना कशी करावयाची, हेच निश्चित झालेले नव्हते. खालचा चौथरा मात्र बांधण्यास घेतला गेला. पुढे छपराचा भार त्या खांबांना पेलणार नाही असे दिसून आले आणि बांधलेले खांब पुन्हा बांधावे लागले. चार वर्षांचे काम चौदा वर्षे चालले. सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज दहा कोटी वीस लाखांवर गेला. उत्झोन १९६६ मध्ये काम सोडून गेले आणि १९७३ साली उद्घाटन झाले. इमारत आज जगाचे भूषण आहे, पण तिचा ताळेबंद आपल्यापैकी कोणाला परवडणारा नाही.

याउलट स्पेनमधील बिल्बाओ शहरातील गुगेनहाइम संग्रहालय पाहा. वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांनी त्यास इतके वाकडेतिकडे आकार दिले आहेत की, साध्या पट्टी-पेन्सिलीने ते कागदावर उतरणे कठीण. त्यांच्या कार्यालयाने फ्रान्समध्ये विमानांच्या रचनेसाठी तयार झालेली 'कॅटिया' ही संगणक-प्रणाली घेतली आणि संपूर्ण इमारत आधी संगणकात उभी केली. बाहेरून टायटॅनियम धातूचे सुमारे तेहतीस हजार पत्रे बसवावयाचे होते. ते काम संगणकातील मापांवरून झाले. १९९७ साली संग्रहालय खुले झाले, आणि तेही ठरलेल्या वेळेत व ठरलेल्या खर्चात. दोन्ही इमारतींचे शिल्पकार प्रतिभावंत होते. फरक एवढाच की, बिल्बाओत प्रश्न आधी पडद्यावर सुटले.

यानंतर अनेक देशांच्या शासनांनी ही पद्धत स्वीकारली. ब्रिटनने २०११ साली घोषित केले की, २०१६ पासून केंद्र सरकारच्या सर्व बांधकामांत अशी संगणकीय प्रतिकृती आवश्यक राहील. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण नागपूर मेट्रोचे. ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पात नकाशे, वेळापत्रक आणि हिशेब यांच्या संगणक-प्रणाली एकमेकींना जोडून पाच मितींची पद्धत अवलंबिण्यात आली. देशातील मेट्रो प्रकल्पांत तसे करणारा हा पहिला प्रकल्प होय. मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी प्रवाशांसाठी धावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. वर्धा मार्गावर खाली महामार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली रचना एकाच खांबांच्या रांगेवर उभी आहे. गिनीज बुकातही तिची नोंद झाली. अशा ठिकाणी कोणता भाग कधी बसवायचा आणि त्याला किती पैसे लागतील, हे वेगवेगळ्या वह्यांत ठेवून चालत नाही.

मात्र हे यंत्र जादूची कांडी आहे, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. नागपूरचा टप्पा पुरा होण्यासही आठ वर्षे लागली. संगणक जमीन संपादन करीत नाही, करोनासारखी साथ थोपवीत नाही आणि चुकीची नोंद बरोबरही करीत नाही. यासंबंधी विमान-उद्योगातील एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एअरबस कंपनीच्या ए-३८० या प्रचंड विमानात सुमारे पाचशे तीस किलोमीटर लांबीच्या तारा असतात. जर्मनीच्या हँबर्ग येथे तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समधील तुलूझ येथे विमानात बसवावयास घेतले, तेव्हा ते लांबीस अपुरे पडले. कारण तपासता असे आढळले की, जर्मनी व स्पेनमधील अभियंते कॅटियाची जुनी आवृत्ती वापरीत होते आणि फ्रान्स व ब्रिटनमधील नवी. दोन वह्यांचा मेळ बसला नाही. २००६ साली हे उघड झाले आणि विमाने ग्राहकांना मिळण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला. म्हणजे संगणक असूनही अवस्था आमच्या प्लंबरसारखीच झाली.

तसेच, सर्व कामे पडद्यावर होत नाहीत. काँक्रीटमध्ये पाणी किती घातले, स्लॅबवर किती दिवस पाणी मारले, ओळंबा धरून भिंत तपासली की नाही, हे शेवटी मिस्त्रीच्या हातावर आणि मालकाच्या नजरेवर आहे. प्रतिकृतीत बारा मिलिमीटरची सळई दाखविली आणि जागेवर दहाची पडली, तर संगणकाला ते कोण सांगणार? आमच्या धंद्यात मीटरपट्टी शासनाने प्रमाणित केलेली असते, पण कापड सैल धरायचे की ताणून धरायचे हे धरणाऱ्याच्या सचोटीवर असते. बांधकामाचेही तसेच आहे.

इमारत पूर्ण झाल्यावर ही प्रतिकृती निरुपयोगी होत नाही. किंबहुना तिचे खरे मोल पुढेच कळते. पॅरिसच्या नोत्र दाम या आठशे वर्षांहून जुन्या चर्चला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली आणि त्याचे लाकडी छप्पर जळून गेले. त्याच्या काही वर्षे आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या अमेरिकन कला-इतिहासकाराने लेसर किरणांनी त्या इमारतीची मोजणी करून ठेवली होती. एक अब्जाहून अधिक बिंदूंची नोंद त्यात होती. आग लागण्यापूर्वीच, २०१८ साली, टॅलन निवर्तले. परंतु त्यांनी करून ठेवलेली मोजमापे पुनर्बांधणीच्या कामी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. आम्हाला २०११ साली एका नळाची वाट ठाऊक नव्हती, म्हणून दोन मजल्यांच्या फरश्या फोडाव्या लागल्या. नोंद असणे आणि नसणे यांतील हा फरक आहे.

आता आपण काय करावे? पुनर्विकासाचा वा नव्या घराचा विचार करणाऱ्यांना माझी नम्र विनंती चार गोष्टींची आहे.

पहिली गोष्ट. करारावर सही करण्यापूर्वी विचारावे की, खोल्या, सळया, नळ व वीज या चारही नकाशांची एकत्र संगणकीय तपासणी झाली आहे काय, आणि त्यात किती टकरी सापडल्या. एकही सापडली नाही असे उत्तर आले, तर तपासणी झाली आहे की नाही हे पुन्हा विचारावे.

दुसरी गोष्ट. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष जसे बांधले तसे नकाशे सोसायटीच्या ताब्यात मिळावेत, कागदावरही आणि संगणकीय स्वरूपातही, अशी अट करारातच घालावी. ताबा घेतल्यानंतर हे कागद मागून मिळणे कठीण असते.

तिसरी गोष्ट. ज्यांचे बांधकाम लहान आहे, ज्यांना प्रतिकृतीचा खर्च झेपत नाही, त्यांच्या खिशातही आज एक साधन आहे. स्लॅब भरण्यापूर्वी सळयांची आणि प्लास्टर व फरशी करण्यापूर्वी नळ व तारांची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत. शेजारी मोजपट्टी धरावी, म्हणजे अंतर कळेल. तारीख व खोलीचे नाव घालून ती घरातील दोन माणसांकडे जपून ठेवावीत. यास एक पैसाही लागत नाही. १९९४ साली ही सोय असती, तर आमच्या फरश्या वाचल्या असत्या.

चौथी गोष्ट नवी सदनिका विकत घेणाऱ्यांसाठी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण आपल्या राज्यात काम करीत आहे. नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे व कामाची प्रगती त्याच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. तो मोबाइलने टिपला की त्या प्रकल्पाची माहिती उघडते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी काम किती झाले हे प्रमाणित केल्यावर त्या प्रमाणातच ती काढता येते. काम, काळ व पैसा यांची सांगड घालणारी ही व्यवस्था म्हणजे सामान्य ग्राहकाच्या हाती आलेली चौथी आणि पाचवी मितीच होय. विक्रीचा नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकास घेता येत नाही, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधणीत दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी त्याची असते, हेही लक्षात असू द्यावे. सुना-मुलांना बसवून एकदा ते संकेतस्थळ पाहावे. शंभर रुपये मीटरचे कापड आपण उजेडात नेऊन, उलटे-सुलटे करून पाहतो. मग जन्मभराच्या पुंजीचे घर केवळ रंगीत पुस्तिका पाहून का घ्यावे?

माझ्या पुतण्याचे घर आता स्लॅबपर्यंत आले आहे. मागील महिन्यात मी तेथे गेलो आणि मुद्दाम त्या शौचालयाच्या जागी जाऊन उभा राहिलो. नळ तुळईच्या सहा इंच खालून गेला आहे. तुळई अखंड आहे. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. पुतण्याने विचारले, काका, काय बघताय? मी त्याला काही सांगितले नाही. आज आपल्या सर्वांसमोर सांगितले, ते एवढ्याचसाठी की, कापडाला कात्री लावण्यापूर्वी जी सावधगिरी आपण पिढ्यान् पिढ्या बाळगीत आलो, ती काँक्रीट ओतण्यापूर्वीही बाळगावी. त्यासाठी लागणारे साधन आता आपल्या आवाक्यात आले आहे. बावीस हजार वाचविल्याची गोष्ट आपल्यापैकी कोणालाही पुन्हा सांगावी लागू नये.